चर्चा: शुगरच्या पेशंटला शिकवायचं काम कुणाचं?

करवीरची लेक
आमच्या आबांना सोळा वर्षं शुगर आहे. गेल्या नवरात्रात नेमाप्रमाणे अनवाणी अंबाबाईला गेले, भर दुपारी. घरी आल्यावर पाय धुताना आईला टाचेखाली रुपयाएवढा फोड दिसला. आबांना पत्ताच नव्हता, कारण पायाची संवेदनाच गेलेली. पुढं दीड महिना ड्रेसिंग चाललं.
या सोळा वर्षांत एकाही डॉक्टरनं त्यांचे तळवे बघितले नव्हते. पाय, डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा तपासायला हवं, हे आम्हाला फोड आल्यावर कळलं. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक ओपीडीत एक माणूस फक्त पेशंटला शिकवायला नेमलेला असावा.

सकाळची ओपीडी
मी इथंच प्रॅक्टिस करतो. आबांचं वाचून वाईट वाटलं, पण सगळं खापर डॉक्टरवर फोडू नका. सकाळी साठ पेशंट असतात. 'घरच्या गुऱ्हाळाचा गूळ चालतो न्हवं?' हा प्रश्न रोज येतो. गुळातही बहुतांश साखरच असते, हे रोज सांगतो. तोच पेशंट पुढच्या महिन्यात काकवी खाऊन येतो आणि रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, दहाच्या वर. लोकांना माहिती आहे, पण ते मनावर घेत नाहीत. पगारी माणूस नेमून हे कसं बदलणार?

वॉर्डातली सिस्टर
सर, सांगणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. एका मावशींची साखर काही केल्या उतरत नव्हती. इन्सुलिनचा डोस दोनदा वाढवून झाला होता. मी म्हटलं, मावशी, पोट दाखवा. बेंबीच्या डावीकडं बोराएवढी टणक गाठ. चार वर्षं त्या तिथंच टोचत होत्या, कारण तिथं दुखत नाही. गाठीत टोचलेलं इन्सुलिन अंगात नीट शोषलंच जात नाही. मावशींनी सगळं मनावर घेतलं होतं, एक दिवस चुकवला नव्हता. जागा बदलत राहायची हे त्यांना कुणी करून दाखवलं नव्हतं, एवढंच.

भुदरगडचा
तुम्ही सगळे शहरातलं बोलताय. माझ्या आईला इन्सुलिन चालू आहे, रोज दोनदा तपासा म्हणून सांगितलंय. मशिनवर साखर तपासायची एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते. कोल्हापूरला यायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि एक रोजगार बुडतो. माणूस नेमायच्या पैशात आधी पट्ट्या द्या, मग काय शिकवायचं ते शिकवा.

करवीरची लेक
दादा, पट्टीच्या खर्चाला माझ्याकडं उत्तर नाही. पण तिशीच्या पुढच्या सगळ्यांची शुगर-बीपी तपासायचा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताई घरोघरी फॉर्म भरून घेतात. आजार शोधायला माणूस मिळतो. सापडल्यावर जन्मभर काय करायचं, ते शिकवायला का मिळू नये?

सकाळची ओपीडी
आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक ओझं नको, हे ठामपणे म्हणतो. शिकवणाऱ्या माणसाबद्दल अजूनही माझी खात्री पटलेली नाही. पायाचं मात्र मान्य. गर्दीत चपला-मोजे काढायला लावणं होत नाही, म्हणून शुगरच्या पेशंटनी बाहेर बसल्या बसल्याच ते काढून ठेवायचे, असं आजपासून रिसेप्शनवर सांगितलंय.

वॉर्डातली सिस्टर
सर, चपलाही बघा. नव्या कोल्हापुरीचा अंगठा घासतो, आणि बधिर पायाला ते कळत नाही.

भुदरगडचा
सिस्टर, तुमचं वाचून आत्ता आईच्या पोटावरनं हात फिरवला. उजवीकडं गाठ लागतेय. दाबली तर दुखत नाही म्हणते. काय करू?

वॉर्डातली सिस्टर
त्या गाठीत आता टोचायचं नाही. पण आजच तिच्या डॉक्टरांना फोन करून डोस विचारा. चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि साखर एकदम उतरू शकते. घाम सुटला, हात थरथरले, तर लगेच तपासा. सत्तरच्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. या आठवड्यात पट्ट्या वाचवू नका, दादा. आणि आई गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.