खळ्यातल्या पोर्सिलेन टाइल्स काळ्या-हिरव्या पडल्यात, काय वापरू? (बजेट ३ हजार)

देवरुखकर:
नमस्कार मंडळी. गावच्या घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, गेल्या उन्हाळ्यात टाइल्स घालून घेतलं. मोरबीच्या पोर्सिलेन, मॅट, २ बाय २ च्या, १६ एमएम जाड, साधारण ५०० स्क्वेअर फूट. दुकानदार म्हणालेला की बाहेर घाला नि विसरून जा. आता पहिलाच पावसाळा संपतोय आणि सांधे सगळे काळे, पागोळ्या पडतात त्या ओळीत हिरवंगार शेवाळ, आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) बाजूला चिऱ्याचा तांबडा ओघळ. आई परवा तुळशीला पाणी घालायला जाताना घसरता घसरता वाचली. बजेट ३ हजार, त्याच्यावर नाही. मशीन नको, आमच्याकडे व्होल्टेजची बोंब असते. खळ्याला लागून विहीर आहे म्हणून जहाल काही नको. काय घेऊ?

पिंपरीचा_पम्या:
प्रेशर वॉशर घ्या डोळे झाकून. मी ११ हजाराचा घेतला, १३० बार, टेरेस अर्ध्या तासात चकाचक, वर गाडी धुतो, बाईक धुतो, सोसायटीतले लोक मागायला येतात. ३ हजारात काय होतंय, चांगला ब्रशसुद्धा येत नाही.

देवरुखकर:
मशीन नको म्हणून लिहिलंय हो वर.

पिंपरीचा_पम्या:
स्टॅबिलायझर लावा. एकदाच खर्च.

दापोलीची_आत्या:
कशाला एवढं. ब्लीचिंग पावडर रात्री शिंपडायची, सकाळी खराट्याने घासायचं. आमचं खळं टाइल्सचं नाही, कोब्याचं आहे, पण शेवाळ ते शेवाळच. गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा. पावडरची पिशवी शंभराच्या आत येते. आणि आईंना रबरी चपला घालायला सांगा बाई.

चिरेबंदी:
कोकणात राहून टाइल्स घालणाऱ्यांना काय सांगणार. जांभा (तांबडा चिरा) घालायचा होता. पाऊस पडला की पाणी आत मुरतं, पाय कधी घसरत नाही, उन्हाळ्यात पाय भाजत नाहीत. माझ्या आजोबांनी घातलेलं खळं अजून तसंच आहे. आता भोगा.

निवांत_कोथरूड:
जांभ्यावर शेवाळ येत नाही?? कुठल्या गावात? आमच्या मामाकडे जांभ्याच्या पायऱ्यांवर जुलैमध्ये स्केटिंग करता येतं.

चिरेबंदी:
ते मशीन-कट चिरे असतील. हाताने तासलेला चिरा बघा आणि मग बोला.

निवांत_कोथरूड:
बरं. मूळ प्रश्नावर, आमच्या गवंड्याने बाटलीतलं अ‍ॅसिड टाकून दिलं होतं टेरेस धुऊन, ते पिवळं असतं ना हार्डवेअरमध्ये, ५० रुपयाला बाटली. ओतलं की फेस येतो आणि एकदम नव्यासारखं. काळे सांधे पण पांढरे होतात.

साइटवरचा_पाटील:
अ‍ॅसिड अजिबात नको. तो फेस येतो तो घाणीचा नाही, सांध्यातलं सिमेंट विरघळत असतं. म्हणून तर सांधे पांढरे दिसतात, वरचा थर निघून गेलेला असतो. दोन-तीनदा केलं की सांधे खोल होतात, त्यात माती बसते आणि पुढच्या पावसात दुप्पट शेवाळ. शिवाय वाफेने जवळचं स्टीलचं रेलिंग गंजतं. टॉयलेट क्लीनर म्हणून लोक जे ओततात त्यातही बहुतेक हेच हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. आणि वर आत्यांनी ब्लीचिंग सांगितलंय, त्यावर कोणी अ‍ॅसिड टाकू नका कृपया. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, उघड्यावर असलात तरी छाती भरते.

आता देवरुखकर, तुमचं. पोर्सिलेन टाइल अर्धा टक्क्यापेक्षा जास्त पाणी पितच नाही, त्यामुळे शेवाळ टाइलच्या आत जात नाही. ते बसतं मॅटच्या खरखरीत पृष्ठावर आणि सिमेंटच्या सांध्यात. म्हणजे काढायला सोपं आहे, परत येणं थांबवायला अवघड. विहीर जवळ आहे तर ऑक्सिजन ब्लीच मागवा (सोडियम परकार्बोनेट, कपड्यांचे डाग काढायला विकतात). कोमट पाण्यात कालवून ओतायचं, अर्धा तास ओलं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग लांब दांड्याच्या कडक नायलॉन ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचं. त्यातून शेवटी धुण्याचा सोडाच उरतो, पण तरी पाणी विहिरीकडे आणि तुळशीकडे वळवू नका. तारेचा ब्रश नको, त्याचे काळे ओरखडे टाइलवर बसतात आणि मागे राहिलेले तुकडे गंजतात. ब्लीचिंग पावडरने शेवाळ मरतं हे खरं, पण चुन्याचा पांढरा साका टाइलच्या खरखरीत भागात अडकतो, मग तो काढत बसा.

तांबडा ओघळ म्हणजे चिऱ्यातलं लोखंड. आधी साबणाच्या पाण्याने बघा, बरंच मातीच असते. राहिलं तर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचं सौम्य पाणी, हातमोजे घालून, तेवढ्याच जागी, सांधे आधी भिजवून. ते विषारी असतं, पोरं-कुत्री लांब. गडग्याशी विहीर नसेल तरच करा.

फिनाईल वापरत असाल तर बंद करा. त्याचा तेलकट थर राहतो, धूळ चिकटते.

पिंपरीचा_पम्या:
हे सगळं करण्यापेक्षा वॉशर.

साइटवरचा_पाटील:
वॉशर वाईट नाही, पण सिमेंटचे सांधे जवळून मारले तर उडतात. फूटभर अंतर ठेवून, पसरट फवारा, आडवा मारायचा. तुम्ही जवळून मारत असाल तर टेरेसचे सांधे एकदा वाकून बघा.

पिंपरीचा_पम्या:
आमचे सांधे मजबूत आहेत.

लीड्सवरून:
इकडे इंग्लंडमध्ये घरामागे सगळ्यांनी हल्ली २० एमएम पोर्सिलेनच घातलंय. आमचंही आहे. इथे ऊन नाही, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च सतत ओलं. मी घालतानाच आर-११ घेतली होती (हा आकडा घसरण्याचा, बॉक्सवर किंवा कॅटलॉगमध्ये मिळतो, जितका जास्त तितकी पकड जास्त). पण पकड जास्त म्हणजे खरखर जास्त म्हणजे घाणही जास्त धरते, दोन्ही नाही मिळत. सीलर विकायला लोक मागे लागतात, टाइलला नका लावू, ती पितच नाही तर ते वरच थर होऊन बसतं आणि आणखी निसरडं. आमच्या शेजाऱ्यांनी केलंय, आता ते खरवडतायत. आमच्याकडे मुख्य त्रास सीगलचा, तो वेगळा विषय.

दापोलीची_आत्या:
मी ब्लीचिंगने इतकी वर्षं करतेय, कुठला साका दिसला नाही बाई. आणि फिनाईलशिवाय वास कसा जायचा?

मालगुंडचा_काका:
आत्यांचं बरोबर आहे. ब्लीचिंग पावडर. खराटा. बाकी सगळी शहरी थेरं.

चिरेबंदी:
जांभा असता तर हा धागाच निघाला नसता.

देवरुखकर:
पाटील साहेब धन्यवाद. आणखी एक विचारायचं होतं, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी काही सांध्यांतून पाणी पाझरतं आणि वाळल्यावर पांढरी रेघ उमटते. तिथेच शेवाळ सगळ्यात जास्त आहे. हे काय?

साइटवरचा_पाटील:
आता खरं दुखणं कळलं. काठीने टाइल ठोकून बघा, बद्द आवाज येतोय का?

देवरुखकर:
बऱ्याच ठिकाणी येतोय. पागोळ्यांच्या ओळीत तर सलग.

साइटवरचा_पाटील:
मग गवंड्याने रेती-सिमेंटच्या मालावर स्लरी (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) ओतून बसवल्यात, जुन्या फरशीसारख्या. पोर्सिलेन पाणी पीत नाही म्हणून सिमेंट तिला धरतही नाही, तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह लागतं, पाठ पूर्ण भरून. खाली पोकळी राहते, तिच्यात पाणी साठतं, ते सांध्यातून वर येतं आणि सिमेंटमधले क्षार घेऊन येतं, ती तुमची पांढरी रेघ. वरून काहीही ओता, खालून ओल येत राहणार. ३ हजारात सगळं होणार नाही, पण पहिलं काम पन्हळ. पागोळ्या टाइलवर पडूच देऊ नका, पीव्हीसीची पन्हळ लावून पाणी बाहेर काढा. मग उन्हाळ्यात बद्द वाजणाऱ्या तेवढ्याच टाइल्स काढून अ‍ॅडहेसिव्हवर परत बसवा. उतार पण बघून घ्या, १० फुटाला दीड इंच तरी हवा. आणि खाली ओल असताना कोणी सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (पाणी न पिणारा राळेचा माल) भरा सांगेल, आत्ता नको, पाणी आत कोंडेल. शिवाय उन्हात पिवळं पडतं.

निवांत_कोथरूड:
इपॉक्सीच सांगणार होतो. आमच्या बाथरूमला आहे, मस्त आहे.

लीड्सवरून:
इकडे टाइलच्या पाठीला आधी प्रायमर फासतात आणि ओल्या मालावर पूर्ण पाठ टेकवून बसवतात. तरी आमच्या दोन हलल्याच. गवंडी सगळीकडे गवंडीच.

मालगुंडचा_काका:
पन्हळीत आंब्याची पानं अडकतात. मी लावलेली, काढून टाकली.

देवरुखकर:
सगळ्यांचे आभार. ऑक्सिजन ब्लीच आणि ब्रश मागवला, एक पट्टा घासून बघितला, हिरवं गेलं, सांधे निम्मे उजळले. तांबडा ओघळ साबणानेच गेला बहुतेक. पण घरी बसून चर्चा झाली आणि भावाचं मत पडलं की कुठे टाइल्स उचकटत बसायच्या, अख्ख्या खळ्यावर पत्र्याची शेड मारू. आईलाही पटलं, पावसात मिरच्या-पापड वाळत घालता येतील म्हणते. फॅब्रिकेटर स्क्वेअर फुटाला १९० सांगतोय, ९५ हजारापर्यंत जाईल. दसऱ्यानंतर काम सुरू.

पिंपरीचा_पम्या:
३ हजार बजेट होतं ना?????

साइटवरचा_पाटील:
शेडलाही पन्हळ लागेलच की हो. नाहीतर पागोळ्या चार फूट पुढे सरकतील फक्त. आणि पोकळ टाइल्सवर खांब उभे करू नका, खाली स्वतंत्र फुटिंग (खांबाचा पाया) घ्या.

दापोलीची_आत्या:
आणि तुळस? शेडखाली ऊन कुठून मिळणार तिला? आईंना विचारलंत का नीट?

देवरुखकर:
तुळस बाहेर विहिरीजवळ नेतोय. तिथे जांभा घालणार आहे.

चिरेबंदी:
हाताने तासलेला घ्या. आणि तो फॅब्रिकेटर संगमेश्वरला येतो का? नंबर व्यनि करा, आमच्या खळ्यावर पण टाकायची आहे.