शब्दचर्चा: पाणथळीभोवतालच्या ‘बफर’ला काय म्हणावं?

विचारणा (मिरज): शेतातल्या तळ्याभोवती नांगर न घालता राखलेल्या गवत-झुडपांच्या पट्ट्याला मराठीत काय म्हणायचं? ‘चिबडपट्टा’ चालेल?

पलूस: नाही. चिबड म्हणजे पाण्याच्या अतिवापराने बिघडलेली जमीन. क्षार वर आले की तीच क्षारपड. पाणथळ मुळातच ओली. चिबडाला निचरा काढतात. पाणथळीला काढला तर ती आटते. ‘बफर’ही टाळा. शिराळा-पाटणकडे तो शब्द व्याघ्र प्रकल्पाभोवतालच्या बंधनांच्या क्षेत्राचा, ऐकताच लोक बिचकतात.

कराड: मग ‘गाळणपट्टा’?

पलूस: अर्धाच अर्थ. माती आणि तिला चिकटलेलं स्फुरद (फॉस्फरस) गवतात अडतं, ते गाळणंच. पण नायट्रेट पाण्यात विरघळलेलं असतं. मुळांच्या थरात ओल टिकून हवा कमी झाली, की तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात. निचऱ्याचा सच्छिद्र पाइप पट्ट्याखालून थेट तळ्यात सोडला असेल, तर वरचं गवत नुसतं शोभेचं! वरचं पाणीही पसरून यायला हवं; एका घळीतून आलं तर पट्टा फोडून जातं. म्हणून पावसाच्या तोंडावर वाळ्याचे ठोंब समपातळीत, 10-15 सें.मी.वर लावतात. मर झाली तिथे लगेच नांगे भरावेत, म्हणजे रिकाम्या जागी नवे ठोंब लावावेत.

खटाव: ‘गवती काठ’ म्हणा, कुणालाही कळतं. फक्त हराळी सुचवू नका, पिकात शिरते. मारवेल बरा, जनावरं खातात. कापलेलं गवत मात्र बाहेर न्यायचं. तिथेच कुजलं तर स्फुरद परत पाण्यात.

मिरज: ‘गवती काठ’ पटला. पण शेतकरी आधी गुंठे विचारणार. 10 फूट रुंद, 330 फूट लांब म्हणजे 3 गुंठे. गुंठ्याला टन धरला तर 3 टन ऊस गेला.

पलूस: कागदावर. तळ्यालगतच्या सऱ्या ओलीने पिवळ्या पडतात, तिथे टनाचा उतारा कुठला? खरी तूट त्याहून कमी, वर चारा जमेस. अडचण वेगळीच आहे: गाळ कमी साठल्याचा, पाणी स्वच्छ राहिल्याचा लाभ खालच्या सगळ्यांना, गुंठे एकाचे. अनुदानाशिवाय कोण सोडेल?

कराड: त्याला ‘पड’ म्हणता येईल?

खटाव: मुळीच नको. तळं बहुधा सातबाऱ्यावर पोटखराबात, म्हणजे लागवडीला अयोग्य क्षेत्रात असतं, पट्टा लागवडीच्या क्षेत्रातला. ‘पड’ म्हटलं की पुढच्या हंगामात कुणीतरी तिथे ट्रॅक्टर घालणारच.