नॉरिसला 'वाटून दिलेला चॅम्पियन' म्हणणाऱ्यांनी हे वाचा

हर्णैचा_वारा:
७ डिसेंबर २०२५ च्या रविवारी अबू धाबीत फॉर्म्युला वन (एफ वन) कार रेसिंगचा सीझन संपला आणि मॅक्लारेन टीमचा लँडो नॉरिस वर्ल्ड चॅम्पियन झाला. त्या रात्रीपासून दापोली-हर्णैच्या सगळ्या ग्रुपवर एकच पोस्ट फिरतेय, की नॉरिस हा वाटून दिलेला चॅम्पियन, इटलीतल्या मॉन्झाच्या रेसला मॅक्लारेनने त्याच्याच टीममधल्या पियास्त्रीची दुसरी जागा काढून त्याला दिली, अबू धाबीत रेस जिंकली रेड बुलच्या मॅक्स वर्स्टापेनने आणि कप नेला तिसऱ्या नंबरवाल्याने, एफ वन संपलं. गप्प बसणार होतो पण आता डोक्यात गेलंय.

मॉन्झाचं गणित बरोबर आहे. अदलाबदल झाली नसती तर नॉरिसला दुसऱ्या नंबरच्या १८ पॉइंटांच्या जागी तिसऱ्याचे १५, म्हणजे वर्षाचे ४२३ चे ४२०, आणि मॅक्स ४२१ वर चॅम्पियन. पण मग तिथेच का थांबता? तिथे नॉरिस पुढे होता, पिटला, म्हणजे टायर बदलायला, आधी जायचा हक्क त्याचा, मागच्या फेरारीवाल्या लेक्लेरचा धोका नको म्हणून त्याने पियास्त्रीला आधी जाऊ दिलं आणि मग नॉरिसचंच चाक बसेना. जागा परत मिळाली ती त्या बोलीवर. त्याच्या आदल्याच रविवारी नेदरलँड्सच्या झांडफोर्टला नॉरिस दुसरा चालला होता, ऑइल लीक, गाडीतून धूर, १८ पॉइंट गेले आणि पियास्त्रीच्या ३४ पॉइंटांनी मागे पडला. लास वेगासला दुसरा आला तर रेसनंतर गाडीच्या तळाची फळी नियमापेक्षा जास्त झिजलेली निघाली, दोन्ही मॅक्लारेन बाद, परत १८. हे कोणी वाटून दिलं होतं? आणि तुमच्या मॅक्सने बार्सिलोनाला रागाच्या भरात मर्सिडीजच्या रसेलला गाडी घातली, १० सेकंदांची पेनल्टी, पाचव्याचा दहावा झाला, ९ पॉइंट गेले. कप गेलाय २ ने.

अबू धाबीत मॅक्सच्या रेड बुलची दुसरी गाडी, त्सुनोडाची, नॉरिसला अडवायलाच उभी होती. सरळ रस्त्यावर एकदा इकडे एकदा तिकडे, नॉरिस चाकं ट्रॅकबाहेर घालून पुढे गेला. चौकशी दोघांची झाली, ५ सेकंद त्सुनोडाला बसले. त्या क्षणी घाबरून मागे राहिला असता तर कप गेलाच होता. २४ रेस चालवून मिळवलेलं आहे, एका रविवारावरून ठरवू नका.

दापोलीचा_मॅक्सवेडा:
ती पोस्ट माझीच आहे आणि त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. झांडफोर्टनंतर मॅक्स पहिल्या नंबरवरच्या पियास्त्रीच्या १०४ पॉइंट मागे होता, एकशे चार! तिथून २ वर आणला. वर्षात ८ रेस जिंकला, नॉरिस ७. टीममध्ये दुसरी गाडी असून नसल्यासारखी. आणि मॅक्लारेनकडे वर्षभर सगळ्यात फास्ट गाडी असून कतारला सातव्या लॅपला सेफ्टी कार आली, सगळ्यांना तिच्या मागे हळू चालायला लागलं, तेव्हा जवळपास सगळे टायर बदलायला पिटला गेले, हे दोघं बाहेर राहिले. टायरच्या एका सेटवर २५ लॅपची मर्यादा, रेस ५७ लॅपची, ७ अधिक २५ अधिक २५, पाचवीतलं पोर सांगेल. अशा टीमने कप जिंकला ह्याचं मला वाईट वाटतं. कतारलाच मर्सिडीजचा अँटोनेली शेवटून दुसऱ्या लॅपला घसरला म्हणून नॉरिस पाचव्याचा चौथा झाला, २ पॉइंट. नेमके तेवढेच.

चिपळूणची_लेक:
अँटोनेलीचं नाव काढलंत म्हणून लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. तो मुलगा १९ वर्षांचा आहे. रेस संपल्या संपल्या रेड बुलच्या माणसांनी म्हटलं की त्याने मुद्दाम जागा सोडली, आणि मग लोक त्याच्या अकाउंटवर जाऊन मरणाच्या धमक्यांपर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी रेड बुलने चूक कबूल केली, पण तोवर त्या पोराने सगळं वाचलेलं असणार ना? माझ्या धाकट्या भावाने गावच्या नाइट टुर्नामेंटला फायनलचा कॅच सोडला होता, अंडरआर्मचीच मॅच, तर पुढचा पूर्ण मे महिना तो बाजारात जात नव्हता. तिथे तर सगळे ओळखीचे होते. एफ वनची आजची अवस्था कशाने वाईट असेल तर ह्या फॅन लोकांनी.

दापोलीचा_मॅक्सवेडा:
ताई, मी कोणाला शिवी दिलेली नाही. सगळ्या मॅक्स फॅनना एका माळेत ओवू नका.

कुडाळचो_मेस्त्री:
माका एक सांगा, तुम्ही पॉइंट मोजतास, गाडीकडे कोण बघता? २०२६ ला सगळा बदलतला. जवळजवळ अर्धी ताकद बॅटरीची, ओव्हरटेकसाठी मागचो पंखो उघडणारो डीआरएस जातला, पुढचे-मागचे पंखे चालत्या गाडीत हलतले. गॅरेजात आयुष्य गेला माझा, इंजिनाचो आवाज ऐकून कुठला सिलिंडर मारता नाय ता सांगतंय. जुन्या व्ही टेन, म्हणजे दहा सिलिंडरच्या गाड्यांचो आवाज टीव्हीवर ऐकलो तरी अंगावर काटो येय. आता ड्रायव्हर गाडी चालवतलो की चार्जिंग सांभाळतलो?

हर्णैचा_वारा:
मेस्त्रीकाका, आवाजाबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण त्याच बॅटरीमुळे आणि नव्या इंधनामुळे ऑडी यायला तयार झाली, कॅडिलॅकची अकरावी टीम येतेय, २२ गाड्या असतील. संपलेल्या खेळात कोणी एवढा पैसा घालत नाही.

आंजर्ल्याचे_काका:
तुमचं चालू द्या, पण ह्या वेगाच्या वेडाचं आमच्याकडे काय होतंय ते ऐका. त्याच रविवारी, तुम्ही टीव्ही लावायच्या तासभर आधी, एक फोर बाय फोर किनाऱ्यावर उतरली. ओल्या वाळूत गोल गोल फेऱ्या, एक पोरगा दरवाजातून बाहेर लोंबकळून शूटिंग करतोय, फॉर्म्युला वन म्हणून ओरडतायत. मग रुतली. जितका अॅक्सिलेटर दिला तितकी खाली गेली, चेसिस वाळूला टेकली. भरती चढायला लागली तेव्हा ट्रॅक्टरसाठी धावाधाव. आणि हे दिवस कासवं वर यायचे आहेत! रात्री मादी येते, मागच्या पायांनी हातभर खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, पहाटे आमची पोरं बॅटरी घेऊन माग काढत जातात आणि अंडी उचलून जाळीत नेऊन ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच दिसेना, सगळीकडे टायर. एखादं घरटं खाली दाबलं गेलं असेल तर कळणार पण नाही.

दापोलीचा_मॅक्सवेडा:
काका, तुमचा राग बरोबर आहे पण एफ वनचा संबंध काय? मी किती वर्षं बघतोय, माझी गाडी कधी वाळूत गेलेली नाही. क्रिकेट बघणारा काचा फोडत फिरतो का?

आंजर्ल्याचे_काका:
संबंध हा की ते ओरडत होते ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

वाडीतली_खानावळ:
आता सगळे मिळून मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना झोडपतील म्हणून आधीच बोलते. माझं घर त्यांच्यावर चालतं. आमच्याकडे उतरणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सांगते, गाडी अंगणात राहील, किनाऱ्यावर पायी जायचं. ऐकतात. न ऐकणाऱ्यांत एमएच ०८ च्या पण गाड्या असतात काका, आपलीच पोरं, आपल्याच वाडीतली. त्यांना कोण बोलतं?

आंजर्ल्याचे_काका:
मी बोलतो. बोललोय. उलट उत्तरं ऐकून घेतलीत.

कुडाळचो_मेस्त्री:
रुतल्यावर रेस करू नकात रे, आधी टायरची हवा उतरवा आणि चाकापुढची वाळू हातान काढा. आणि खारा पाणी एकदा वायरिंगात शिरला की गाडी सहा महिन्यांनी बंद पडता, मगे माझ्याकडे येऊन म्हणतत कंपनीचो फॉल्ट. ब्रेकच्या नळये गंजतत ता वेगळाच.

ट्रॅक्टरवाला_मुरुड:
मला शिव्या पडायच्या आधी सांगतो, हो मी ओढून काढतो आणि पैसे घेतो. कंबरभर पाण्यात उतरून साखळी हुकाला लावायची, लाट आली की साखळी हातातून सुटते, एकदा बोट चिरडलं माझं. फुकट का करू? नाही काढली तर गाडी समुद्रात, ऑइल, डिझेल पाण्यात. मग काय कराल?

आंजर्ल्याचे_काका:
तुम्ही काढता म्हणूनच ते उतरतात. ट्रॅक्टर मिळतो हे माहीत असतं त्यांना.

ट्रॅक्टरवाला_मुरुड:
काका, वयाचा मान ठेवतो म्हणून गप्प बसतोय. पुढच्या वेळी तुम्ही उतरा पाण्यात.

चिपळूणची_लेक:
अहो भांडता काय आपापसात. बैलगाडा शर्यतींचं बघा. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंद केल्या, डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी, मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता शर्यत भरवायची तर आधी अर्ज, परवानगी, बैलांची तपासणी, सगळं कागदावर. बैलगाडीला नियम आणि दोन टनांच्या गाडीला वाळू मोकळी, हे कसं काय?

दापोलीचा_मॅक्सवेडा:
हे मात्र पटलं. पण पोरांना जागा पण द्या ना. आपल्याकडे एफ वनची रेस, इंडियन ग्रँड प्री, झाली २०११ ते २०१३, तीनही वेळा वेटेल जिंकला, मग टॅक्सच्या भानगडीत बंद. उत्तर प्रदेश सरकारने खेळ मानलाच नाही, करमणूक म्हणून कर लावला. आपला कुश मैनी २०२५ ला मोनॅकोत एफ टूची, म्हणजे एफ वनच्या खालच्या पायरीची, छोटी स्प्रिंट रेस जिंकला, आपल्याकडे किती जणांना माहितेय? कोकणातल्या पोराला कार्टिंग करायचं तर घाट चढून जायला लागतं, आणि खर्च बापाच्या आंब्याच्या सीझनला पेलणारा नाही. मग हातात गाडी आली की वाळूच दिसते. समर्थन करत नाही, कारण सांगतोय.

आंजर्ल्याचे_काका:
कारण समजलं. कासवाला समजत नाही.

हर्णैचा_वारा:
मॅक्सवेड्या, मैनीचं बरोबर बोललास. पण मूळ प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. नॉरिस चॅम्पियन आहे की नाही?

दापोलीचा_मॅक्सवेडा:
कप त्याच्याकडे आहे, पॉइंट त्याचे जास्त आहेत, त्सुनोडाला मागे टाकलं ते हिमतीने टाकलं. एवढंच म्हणेन. २०२५ चा सगळ्यात चांगला ड्रायव्हर मॅक्सच, आणि मॉन्झाला पियास्त्रीने जागा द्यायला नको होती.

हर्णैचा_वारा:
सगळ्यात चांगला ड्रायव्हर मॅक्स हे मी पण म्हणेन. वाटून दिलेला हे म्हणू नकोस.

आंजर्ल्याचे_काका:
त्या गाडीचा नंबर मी लिहून ठेवलाय, फोटो पण आहे. उद्या पोलीस स्टेशनला अर्ज देतोय, एकट्या म्हाताऱ्याचा अर्ज फाइलला लागतो म्हणून सह्या हव्यात. सकाळी नऊला पुलाजवळ असेन.

ट्रॅक्टरवाला_मुरुड:
गाडी मीच काढली त्या दिवशी. साक्षीला येतो.

दापोलीचा_मॅक्सवेडा:
मी पण. मॉन्झाबद्दल गाडीत बोलू, हर्णैवाल्याला पण घेऊन येतो.