मदत हवी आहे: कुकरवरचा आयएसआय क्रमांक जुळत नाही

आईसाठी एका शॉपिंग साइटवरून ५ लिटरचा प्रेशर कुकर मागवला. शिक्का आयएसआयचा आहे, पण त्याखालचा सीएम/एल क्रमांक (म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक) बीआयएस, म्हणजे हा शिक्का देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोच्या, ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला तर परवाना भलत्याच कंपनीच्या नावावर दिसतो. ब्रँड आणि उत्पादक वेगळे असू शकतात, म्हणून खोक्यावरचं उत्पादकाचं नावही ताडून पाहिलं. तेही जुळत नाही.

कुकर गॅसवर चढवलेला नाही. बिल, खोका, फोटो जपून ठेवलेत. विक्रेता उत्तर देत नाही. साइट पैसे द्यायला तयार आहे, पण कुकर परत घेऊन, आणि मुदत परवा संपते. हाच माल दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊ नये, ही खरी काळजी.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ माहीत आहे. बीआयएसकडे तक्रार करताना प्रत्यक्ष कुकर लागतो, की फोटो आणि बिल पुरतं?