गल्लोगल्ली स्पीकर वाजतोय म्हणून पेटीएमचा शेअर घ्यावा का?

बारामतीचे_दाजी
आमच्या कॉलनीत भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत प्रत्येकाकडे स्पीकर आहे. दिवसभर पैसे जमा झाल्याच्या आरोळ्या चालू असतात. त्या ऐकून मेहुणा म्हणतो, "दाजी, धंदा डोळ्यांसमोर दिसतोय, पेटीएम घेऊन टाकू."

माझं मत, घेऊ नये. निदान या कारणासाठी तर नाहीच.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर एमडीआर शून्य आहे. एमडीआर म्हणजे दुकानदाराच्या पैशातून कापलं जाणारं कमिशन. मी २०० रुपयांची भाजी घेतली की स्पीकर ओरडतो, पण त्या व्यवहारात भाजीवाल्याकडून कुणालाच दमडी मिळत नाही. सरकार थोडं अनुदान देतं. २०२४-२५ साठी ते १,५०० कोटींचं होतं, तेही सगळ्या बँका आणि ॲप मिळून, आणि फक्त छोट्या दुकानदारांकडच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर. जून २०२५ मध्ये यूपीआयवर शुल्क लागणार अशी आवई उठली, अर्थ मंत्रालयाने ती फेटाळली आणि दुसऱ्या दिवशी हा शेअर आपटला. दिल्लीतल्या एका खुलाशावर ज्याचा भाव हलतो, तिथे नोकरदार माणसाने पैसे का अडकवावेत?

डीमॅट_काकू
दाजी, अर्धंच गणित मांडलंत. यूपीआय ही जत्रेतली फुकट पाणपोई आहे. कमाई शेजारच्या दुकानात होते.

जून २०२५ अखेर १.३० कोटी दुकानदारांकडे पेटीएमचं भाड्याचं मशीन होतं. महिना शंभर रुपये धरले तरी वर्षाला दीड हजार कोटींच्या वर जातं. (सगळ्यांकडून पूर्ण भाडं येत नाही, मान्य.) त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कर्जं. भाजीवाल्याकडे ना आयटी रिटर्न, ना ताळेबंद, बँक त्याला दारात उभं करत नाही. पण त्याची रोजची उलाढाल या कंपनीला दिसते. ती कर्ज मिळवून देते, हप्ता रोजच्या जमेतून वळता होतो आणि तिला सावकारी संस्थेकडून कमिशन मिळतं.

आणि ते २,१५० रुपयांच्या आयपीओचं (शेअरच्या पहिल्या विक्रीचं) रडगाणं नका लावू. आयपीओ महाग होता, नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी २७ टक्के पडला, झालं. मे २०२४ मध्ये हाच शेअर ३१० च्या आसपास होता. तेव्हाही सगळे 'नको नको'च म्हणत होते.

शिल्लक_पेन्शनर
काकूंशी अर्धा सहमत, पण कर्जाच्या कमिशनला फुकटचा पैसा समजू नका. कर्ज बुडालं तर सुरुवातीचा तोटा आम्ही सोसू, अशी हमी आता कंपनीही देते. रिझर्व्ह बँकेने जून २०२३ मध्ये अशा हमीला ५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पाचच टक्के, पण कमिशन खायला तेवढे पुरतात.

आता नफा. एप्रिल-जून २०२५ च्या तिमाहीत १२२.५ कोटींचा नफा आला. पण एबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा (यंत्रांची झीज) वजा करण्याआधीची धंद्याची कमाई, साधारण ७२ कोटी, आणि नफा त्याहून जास्त! घसारा वजा होऊनही नफा वर कसा? कारण १२ हजार कोटींहून जास्त रोकड पडून आहे आणि तिच्यावर व्याज येतं. म्हणजे तुम्ही थोडं पेमेंटचं दुकान आणि थोडी मुदतठेव विकत घेताय.

त्याआधी सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत ९३० कोटी नफा दिसला, तो सिनेमा-तिकिटांचा धंदा झोमॅटोला २,०४८ कोटींना विकल्यामुळे. घरातली तांब्या-पितळेची भांडी विकून आलेले पैसे पगारात धरायचे नसतात. अनेक वर्षं कंपनी 'ईसॉप वगळून एबिटडा' दाखवत होती, तेही असंच. कर्मचाऱ्यांना वाटलेले शेअर हा खर्च नाही, तर मग काय, हळदीकुंकवाचं वाण?

कट्ट्यावरचा_गण्या
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

ठाणे_लोकल
मूळ मुद्दा राहिलाच. ३१ जानेवारी २०२४ ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला, म्हणजे पेटीएमचं वॉलेट जिच्यावर चालायचं त्या जोडबँकेला, नव्या ठेवी घ्यायला बंदी केली. मुदत आधी २९ फेब्रुवारी होती, मग १५ मार्च झाली. कंपनीचं उत्पन्न २०२३-२४ मधल्या ९,९७८ कोटींवरून पुढच्या वर्षी ६,९०० कोटींवर आलं. मार्च २०२२ मध्येच त्या बँकेला नवे ग्राहक घ्यायला मनाई झाली होती. इशारा दोन वर्षं भिंतीवर लिहिलेला होता आणि लोक पडत्या भावात आणखी शेअर घेऊन 'सरासरी' करत बसले.

डीमॅट_काकू
@ठाणे_लोकल, मग तो धोका आता भावात धरला गेलाय की नाही? आता चार मोठ्या बँकांच्या पाठिंब्यावर ॲप चालतं, ऑगस्ट २०२५ मध्ये पेमेंट ॲग्रिगेटरची (दुकानदारांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करण्याची) तत्त्वतः मंजुरीही मिळाली. घर जळाल्यावर विमा काढला असेल, पण काढला ना?

ठाणे_लोकल
काढला. फक्त हप्ता शेअरधारकांनी भरला.

बारामतीचे_दाजी
काकू, कर्जाचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, कबूल. म्हणून काल मेहुण्याला घेऊन भाजीवाल्याकडेच गेलो. त्याच्या गाड्यावर दोन स्पीकर निघाले, एक निळा पेटीएमचा, एक जांभळा फोनपेचा. दोन कशाला, विचारलं. म्हणाला, "एकाचं नेट गेलं तर दुसरा बोलतो. भाडं वाढवलं तर एक परत देऊन टाकीन, मला काय!" मेहुणा गप्प.

डीमॅट_काकू
आणि कर्ज त्याने कोणत्या रंगाकडून घेतलंय, ते विचारलंत?

बारामतीचे_दाजी
... निळ्या.