थायरॉइड कॅन्सर: गाठ तेवढीच, मग वयामुळे स्टेज का बदलते?

गवतफूल:
दोन रिपोर्ट समोर आहेत. दोन्हींत पॅपिलरी (थायरॉइड कॅन्सरचा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार), गाठ ३ सेंमी, मानेतल्या लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथींत) पसरलेला, फुप्फुसं स्वच्छ. २८ वर्षांच्या बाईंना स्टेज १ आणि ६७ वर्षांच्या बाईंना स्टेज २ लिहिलीय. चूक आहे का? आणि लहान मुलांत हा आजार सौम्य असतो, हे खरं का?

रानवाटा:
चूक नाही. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या प्रकारांची स्टेज ठरवताना निदानाच्या वेळचं वय धरतातच. २०१८पासून लागू झालेल्या एजेसीसीच्या (कॅन्सरच्या स्टेजचे नियम ठरवणारी अमेरिकन समिती) आठव्या आवृत्तीत ही सीमा ४५ वरून ५५ वर गेली. पंचावन्नच्या आत दूरच्या अवयवात पसरला नसेल तर स्टेज १, पसरला असेल तर २. त्यापुढची स्टेजच नाही. पंचावन्नपासून पुढे नोडमध्ये गेला की २, श्वासनलिकेत शिरला की ३, हाडात-फुप्फुसात गेला की ४-बी.

पण स्टेज जिवाचा धोका सांगते, आजार उलटण्याचा नाही. २८ वर्षांच्या बाईंना मानेत पुन्हा गाठी येऊ शकतात. ‘स्टेज १च आहे’ म्हणून मानेची सोनोग्राफी आणि थायरोग्लोब्युलिनची (थायरॉइडच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाची) रक्ततपासणी चुकवू नका. सोबत अँटी-टीजी (थायरोग्लोब्युलिनविरुद्धच्या) अँटिबॉडीची तपासणीही करा. त्या असल्या तर थायरोग्लोब्युलिन खोटं कमी दिसतं.

अबोली:
मुलांत तो सौम्य नसतो, उपचारांना दाद देतो. निदान होईपर्यंत बहुधा नोडमध्ये पोचलेला असतो. काहींच्या फुप्फुसांत बाजरीएवढे ठिपके असतात, साध्या एक्स-रेत ते सुटू शकतात. तरी बहुतेक मुलं वाचतात, कारण या पेशी सहसा किरणोत्सर्गी आयोडीन छान शोषतात. मुलाची गाठ १ सेंमीपेक्षा लहान आहे म्हणून एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) टाळू नये. सोनोग्राफीत ती कशी दिसते ते महत्त्वाचं.

कडुनिंब:
उतारवयात आयोडीन न शोषणारा आजार जास्त दिसतो. साठीनंतर मानेची गाठ आठवड्या-दोन आठवड्यांत फुगली, आवाज बसला, श्वास घरघरला तर अ‍ॅनाप्लास्टिकची (थायरॉइड कॅन्सरचा फार झपाट्याने वाढणारा प्रकार) शंका घ्या आणि त्याच दिवशी दाखवा. त्यात बीआरएएफ व्ही६००ई या जनुकीय बदलाची तपासणी लगेच पाठवावी, गोळ्यांचा उपचार तिच्यावर ठरतो.

कॅन्सर पुन्हा वाढू नये म्हणून थायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) देऊन टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) कमी ठेवतात. पण ज्येष्ठांत ते ०.१ च्या खाली दाबून ठेवलं तर हृदयाची लय बिघडते, हाडं ठिसूळ होतात. धोका कमी असेल तर ०.५ ते २ पुरतं. थायरॉक्सिन उपाशीपोटी घ्यावं, कॅल्शियमची गोळी त्यानंतर ४ तासांनी.