काळ्या पेटीतलं सांगा (अनुभव धागा)

धुऱ्यावरचा_हवालदार
काल पहाटे भाचा फौजेच्या भरतीसाठी पुलगाव रोडवर सोळाशे मीटर पळत होता, मी मोबाइलात टायमर धरून उभा. ५:३३. साडेपाच मिनिटांच्या आत ६० मार्क, तीन सेकंदांनी थेट ४८. पोरगं रडकुंडीला आलं. मला आपली फौजेतली सामानाची काळी पेटी आठवली. बाकीच्यांच्या झाकणाला आतून बायकोचा फोटो, माझ्या झाकणाला गजानन महाराज. शेजारच्या खाटेवरचा हिमाचलचा बडी, म्हणजे जोडीदार जवान, रोज माझ्याच पेटीवर आरसा टेकवून दाढी करायचा. जीव होता त्याच्यावर. कधी कळू दिलं नाही. त्याच्या पोरीच्या बारशाला पाचशेची मनीऑर्डर केली, बस. तुमच्यापैकी कोणी असं राहिलं असेल तर लिहा. नावं नको.

तुरीची_शेंग
भाऊ, तो सुरुवातीलेच जोर लावत असन. पयला राउंड दमानं काढाले सांगा. बाकीचं वाचून कसंतरी झालं. चुलीवर दूध आहे, येते.

कामठी_रिटर्न
६० दिवसांची सुट्टी, पण मी पुरी घेतच नव्हतो. घरी आलो का मामानं पोरगी पाहून ठेवलेली. एकदा ऐन पोळ्याले पाहुणे दारात. म्हटलं, युनिटचा फोन आला, निघा लागते. कायचा फोन न कायचं काय! वर्धा स्टेशनवर रात्र काढली, सांबारवडी खाऊन.

बिनवर्दी
६ सप्टेंबर २०१८, कलम ३७७ चा निकाल, समलैंगिक संबंध गुन्हा नाही म्हणून. बराकीत टीव्ही चालू, सगळे खिदळत होते. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

कोर्टकचेरी
निकालानं बाहेर गुन्हा राहिला नाही, पण आर्मी ॲक्ट १९५० चं 'अनैसर्गिक' वर्तनाबद्दलचं कलम ४६ आहेच, सात वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०१९ मध्ये लष्करप्रमुख रावत यांनीही पत्रकारांना सांगितलं होतं, फौजेत हे चालू देणार नाही.

बिनवर्दी
माहीत आहे वकीलसाहेब. म्हणूनच हसलो.

सुट्टीची_वाट
मी फौजीची बायको होती. अकरा वर्षं. माणूस वाईट नव्हता. दर सुट्टीत कॅन्टीनचा साबण, शाम्पू, माझ्यासाठी स्वेटर. अन् रात्री अंगणात खाट टाकून झोपे, म्हणे आत गरम होते. डिसेंबरात. मला वाटे माझ्यातच काही कमी आहे. कामठीवाले भाऊ, तुम्ही पळाले ते बरं केलं.

कामठी_रिटर्न
ताई, काय बोलू.

तुरीची_शेंग
दूध उतू गेलं. वाचत बसली होती.

सोयाबीन_संकट
इकडे कोणाच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक आहे का? चुकीच्या जागी विचारतो, माफी.

बिनवर्दी
आमच्या आहे. रोगट झाडं उपटून टाक, पांढरी माशी पाह्य.
हवालदारसाहेब, बडीशी बोलणं होते का अजून?

धुऱ्यावरचा_हवालदार
दिवाळीत फोन होता, पोरीचं लग्न ठरलं म्हणे. पेटी आहे का अजून, विचारत होता. म्हटलं आहे, तुरीचं बियाणं ठेवतो तिच्यात.
भाच्याची आज सुट्टी, पाय सुजला.